एक नोंद जास्त

ताईच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. लेक दुसऱ्या शहरात. तीन आठवडे तिच्याकडे राहून, दोन्ही नातवंडांना आळीपाळीने थोपटून डावा खांदा दुखावून घेऊन ताई परत आली, तेव्हा ऑफिसातल्या मागच्या खोलीत नवीन मशीन बसलेलं होतं.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान. त्याचं चाक धातूला लागलं की एक बारीक किंचाळी जिन्यातून वर यायची, दिवसातून शंभर वेळा. नवा माणूस दचकायचा, जुन्यांना ती ऐकूच येत नसे. पुढच्या खोलीत दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला लोखंडी कपाटं. मागची खोली पूर्वी एका फोटोग्राफरची, फोटो धुवायची. तिला खिडकी नव्हती. औषधांचा आंबट वास भिंतींत मुरलेला होता, तो इतक्या वर्षांत गेला नव्हता. पण खोली थंड आणि कोरडी, म्हणून मशीनला तीच दिली.

काम हरवलेल्या माणसांचं. ज्यांचं माणूस हरवलं ते वेबसाइटवर नोंद करायचे: कोण हरवलं, वय, अंगावरची खूण, शेवटचं कुठे पाहिलं, नोंद करणाऱ्याचं नातं. उलट बाजूने हॉस्पिटलं, आश्रम, स्टेशनवरची माणसं कळवायची की असा असा कुणी आमच्याकडे आला आहे, नाव सांगत नाही. दोन्हींची गाठ घालून देणं हे वेबसाइटवरच्या शोधाचं काम. गाठ पडली की नोंदीखाली ‘शोध सुरू’ हे शब्द जाऊन ‘सापडला’ किंवा ‘सापडली’ असं यायचं. एकेचाळीस हजारांवर नोंदी होत्या. सगळा डोलारा पूर्वी भाड्याच्या एकाच कॉम्प्युटरवर, तोही दहा जणांत वाटलेला. कुणी ‘पायाने अधू’ असं शोधलं की उत्तर येईपर्यंत माणूस पाणी पिऊन यायचा. म्हणून शोधापुरतं वेगळं मशीन घेतलं. त्याला दुसरं कामच नाही. रोज सकाळी सहा वाजता ते सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचायचं, कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे याची सूची बांधायचं, आणि मग दिवसभर विचारेल त्याला क्षणात सांगायचं.

ज्याने मशीन बसवलं त्याला सगळे वायरमन म्हणत. आयुष्यात त्याने दिव्याचं बटणसुद्धा बसवलं नव्हतं, पण सदानकदा गळ्यात एक केबल अडकवून फिरायचा म्हणून ते नाव.

“ताई, आता हे तुमचं घोडं,” तो म्हणाला. “पण रोज सकाळी तपासायचं. घोडं उभं दिसलं म्हणजे जिवंत आहे असं नाही.”

तपासायची रीत ताईचीच होती, जुन्या कॉम्प्युटरपासूनची. सातला ऑफिस उघडायचं आणि मशीनला तीन प्रश्न विचारायचे. पहिला ‘चष्मा’. त्याला हजारोंनी उत्तरं यायला हवीत. दुसरा ‘सहा बोटांचा सुतार’. त्याला नेमकं एक यायला हवं. तिसऱ्याला एकही यायला नको. सांगितलेलं शोधतं पण न सांगितलेलं बनवत नाही, हेही कळायला हवं ना. तिसऱ्या प्रश्नाला ताई जो शब्द वापरायची तो होता ‘टिपटोळ्या’.

हे तिच्या भावाचं घरातलं नाव. लहानपणी तो टाचा न टेकवता उड्या मारत चालायचा, त्यावरून आईने पाडलेलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, ताईची लेक पोटात असताना, हा तेवीस वर्षांचा भाऊ एका सकाळी चपला घालून बाहेर पडला तो आलाच नाही. पुढे दोन वर्षं फोन यायचे. तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, अमुक ठिकाणी या, एकट्या या. सगळे खोटे. तेव्हा आईने ठरवून टाकलं. कागदावर त्याचं शाळेतलं नाव द्या, फोटो द्या, उंची द्या, पण घरातलं नाव कुणाला सांगायचं नाही. खरोखर त्याच्याकडून येणारा माणूस ते आपणहून सांगेल. वडील गेल्यावर ते नाव दोघींच्याच तोंडी उरलं. एकेचाळीस हजार नोंदींत भावाचीही नोंद होती, ताईने सर्वांत आधी भरलेली, तीतही ते नव्हतं. म्हणूनच तिसऱ्या प्रश्नाला ते चांगलं होतं. शून्य म्हणजे शून्य.

फक्त एक गोष्ट होती. जे नाव कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, ते ताई वर्षानुवर्षं रोज सकाळी मशीनला सांगत होती. हे तिच्या कधी मनातच आलं नाही.

मेच्या तेरा तारखेला, मंगळवारी, तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं: एक.

ताईने चष्मा पुसला. पुन्हा विचारलं. एक.

उत्तराच्या ओळीवर दाबलं तर कोरं पान उघडलं आणि त्यावर ‘ही नोंद अस्तित्वात नाही’. मागे आली. उत्तराखाली मशीन नोंदीतला थोडा मजकूर दाखवतं, तेवढाच होता. ‘…टिपटोळ्या म्हणून मागून हाक मारली, मी वळलो नाही. शेवटचं कुठे पाहिलं: स्वयंपाकघराच्या दारात, ओले हात…’

एवढ्यात टायपिस्ट आली. कोर्टातून निवृत्त झालेली बाई, ताईच्याच वयाची. हाताने लिहून आलेली पत्रं ती मशीनमध्ये चढवायची आणि सोबत अखंड बोलायची.

“काय गं, भूत बघितल्यासारखी बसलीस? खांदा अजून दुखतो का?”

“कालच्या पत्रांत तू हा शब्द कुठे टाइप केलास का?”

टायपिस्टने वाकून पाहिलं. “टिपटोळ्या? हे काय असतं, किडा? मी तीस वर्षं खुनाचे जबाब टाइप केलेत, असा शब्द हातून गेला असता तर लक्षात राहिला असता.”

ताईने वायरमनला फोन लावला. डोकं ठिकाणावर ठेवून तिने एक शक्यता मांडली: आपण रोज जे प्रश्न विचारतो ते मशीन एका फाइलीत लिहून ठेवतं. ती फाइलच नोंद समजून त्याने वाचली असेल. वायरमनला हे पटलं. दुपारी येऊन त्याने पाहिलं. फाइल कुलपात होती, मशीनला ती वाचायची मुभाच नव्हती. आणि तिच्यात नुसते शब्द होते. ओले हात, स्वयंपाकघराचं दार, यातलं काही नव्हतं.

“पुसून टाकू सूची,” तो म्हणाला. “पहिल्यापासून बांधू. कचरा असेल तर जाईल.”

बुधवारी सकाळी त्याने सगळं पुसलं. मशीन रिकामं झालं. मग पुन्हा वाचायला लावलं. पडद्यावर आकडे चढत गेले. वाचलेल्या नोंदी एकेचाळीस हजार दोनशे सहा. सूचीतल्या नोंदी एकेचाळीस हजार दोनशे सात.

वायरमनने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग त्याने बाहेर जाणारी केबल उपटली, म्हणजे जगातून कुणी मशीनला हात लावू नये, आणि तिसऱ्यांदा बांधायला लावलं. सहा वाचल्या. सात झाल्या.

“मोजायला चुकतंय,” तो म्हणाला.

“मशीन?”

“नाही तर कोण? मी?” तो हसला, पण उपटलेली केबल त्याने नेहमीसारखी गळ्यात अडकवली नाही. हातातच गुंडाळत राहिला.

मजकूर मात्र बदलला होता. ‘शेवटचं कुठे पाहिलं: हॉस्पिटलच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, मांडीवर त्यांच्या चपला.’

ताईला तो बाक आठवला. बावीस वर्षांपूर्वी, वडील गेले त्या दुपारी, वडिलांच्या चपला मांडीवर घेऊन आई तिथे बसली होती. चार तास ती त्या कुणाला देईना. भाऊ तेव्हा सहा वर्षांपासून बेपत्ता होता.

वायरमन गेल्यावर तिने मशीनला आडवळणाने विचारलं. पान नसलं तरी सूची बांधताना मशीन मजकुराची एक प्रत जवळ ठेवतं. ती प्रत तिने काढून घेतली. साध्या अक्षरांत, वेबसाइटच्याच फॉर्मवर भरलेली नोंद.

कोण हरवलं: आई.

वय: चोपन्न.

खूण: उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग, पानाच्या आकाराचा.

नोंद करणाऱ्याचं नातं: मुलगा.

स्थिती: शोध सुरू.

खाली चाक किंचाळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताईने ते ऐकलं.

ताईचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि आई. आई आता शहात्तर वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना टाळायची, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. संध्याकाळी ताई चपला काढत असतानाच आतून प्रश्न यायचा, “लागलं का काही?” ताई म्हणायची, “नाही गं.” आणि आई भाजी निवडायला लागायची. अठ्ठावीस वर्षांत या दोन वाक्यांत फरक पडला नव्हता.

त्या संध्याकाळी ताई “नाही गं” म्हणाली खरी, पण एक श्वास उशिरा. आईने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

गुरुवारी नोंद आणखी पुढे आली. ‘शेवटचं कुठे पाहिलं: शाळेच्या खोलीत, मोठ्यांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. पाटीवर माझं नाव लिहिलं आणि तळहाताने पुसलं.’

आई साठाव्या वर्षी अक्षरं शिकली. त्याचं पत्र आलं तर ते आपल्याला कुणाकडून वाचून घ्यायला लागू नये, एवढ्यासाठी. ताई तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडायची. आत काय घडलं हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

रात्रीची भांडी घासताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, त्या वर्गात तू पहिला शब्द कुठला लिहिलास गं?”

“अ अननसाचा. सगळे लिहितात तोच.”

“आपल्या मनाने लिहिलेला?”

आईचा हात पाण्याखाली तसाच राहिला. “कुणी सांगितलं तुला?”

“म्हणजे लिहिला होतास.”

“आणि लगेच पुसला. शेजारणीला वाचता येत नव्हतं, बाईंची पाठ होती. कुणी पाहिलं नाही.” तिने नळ बंद केला. “कोण म्हणालं ते नाव?”

ताईला खोटं सुचलं नाही. “मशीन म्हणालं.”

आईने हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं. “मशीनला कुणी सांगितलं?”

ताईने घासलेलं भांडं पुन्हा घासलं. शेवटी सांगितलं. रोज सकाळी सात वाजता, इतकी वर्षं. आई रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे तूच त्याला हाका मारत होतीस.” आणि झोपायला गेली.

शुक्रवारी नऊ वर्षांपूर्वीचं घर बदलणं आलं. ट्रकच्या पुढच्या सीटवर आई, मांडीवर घड्याळ. ताईने कागदावर आकडे मांडले. अठ्ठावीस, बावीस, सोळा, नऊ. दिवसाला सहा-सात वर्षं. शनिवारी दोन-तीन वर्षांपूर्वीचं काही येणार. आणि रविवारी?

तिने ते टायपिस्टला सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. टायपिस्ट पहिल्यांदाच मध्ये बोलली नाही.

“बंद कर,” ती शेवटी म्हणाली.

“लोक शोधत असतात गं.”

“लोक काल जन्माला आले का? चार दिवस कपाटातले कागद बघू. मी कोर्टात नुसत्या डोळ्यांनी फाइली शोधल्यात. बंद कर म्हणते ना. पोरगा आईला शोधतोय इथवर मला कळलं. सापडल्यावर तो काय करणार आहे, ते त्यात लिहिलंय का?”

ताई मागच्या खोलीत गेली. आंबट वास त्या दिवशी जास्त होता, जणू कुणी नुकतंच औषध ओतलं आहे. तिने बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. इतक्या दिवसांनी खोली गप्प झाली, तर त्या गप्पपणात आपल्याखेरीज आणखी कुणी श्वास रोखला आहे असं वाटून ती पाठ न वळवता बाहेर आली.

शनिवारी दहा वाजता एका हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. सत्तरीचा माणूस, बोलत नाही, कानामागे टाक्यांची खूण, चारला त्याला दूरच्या आश्रमात हलवणार आहेत. आधी बघा ना कुणी शोधतंय का. टायपिस्टने कपाटं उपसली. दोघींनी मिळून दोन हजार कागद पाहिले. साडेचारला नर्सने फोन करून सांगितलं की गाडी गेली.

“एकदा शोधून बघायला किती वेळ लागला असता?” टायपिस्टने विचारलं. तिचे हात धुळीने काळे झाले होते.

“एक क्षण.”

“मग मी काही बोलत नाही,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

पाचला ताईने मशीन सुरू केलं. ‘कानामागे टाके’. उत्तर आलं, पहिलंच. बायकोने केलेली नोंद, तीन महिन्यांची. ताईने नर्सला कळवलं, बायकोला कळवलं, बाई फोनवर रडली. हे सगळं झाल्यावर, उठायच्या आधी, तिने तिसरा प्रश्न विचारला. न विचारता घरी जाता आलं असतं. पण रोज ती तीनही विचारायची.

‘शेवटचं कुठे पाहिलं: गॅलरीत, वेताच्या खुर्चीवर, राखाडी शाल, उन्हाकडे पाठ. आज दुपारी.’

वय शहात्तर झालं होतं. मशीन बंद होतं तो दिवस नोंद करणाऱ्याने फुकट घालवला नव्हता.

घरी आली तर खुर्ची गॅलरीत होती, उन्हाकडे पाठ केलेली. आई आत होती. तिने “लागलं का काही?” विचारलं नाही. ताईने आपणहून नोंदीतलं सगळं सांगितलं, कोपरावरच्या डागासकट.

“उद्या मला घेऊन चल,” ती म्हणाली.

“चौतीस पायऱ्या आहेत.”

“मोजल्यास कशाला? चढायच्या आहेत मला.”

“आई, तो आहे की नाही हेही आपल्याला माहीत नाही. दुसरंच कुणी असेल.”

“दुसऱ्या कुणाला ते नाव माहीत नाही.”

“आपण मशीनला सांगितलं ना. मशीनला माहीत आहे.”

“मशीनला माझ्या कोपरावरचा डाग माहीत आहे?” आईने बाही खाली ओढली. “मी अठ्ठावीस वर्षं दाराकडे तोंड करून जेवते. तुला वाटतं, ते दार वाजलं तर मी कोण आहे म्हणून विचारत बसेन?”

रविवारी सकाळी त्या गेल्या. किल्लीवाल्याचं दुकान बंद, जिना शांत. प्रत्येक चार पायऱ्यांवर आई थांबायची, कठड्याला टेकून श्वास घ्यायची आणि ताईने हात पुढे केला की तो बाजूला सारायची. वर पोचायला पाऊण तास लागला.

ताईने तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, प्रश्न विचारला, मजकूर मोठ्या अक्षरांत केला.

“मी वाचून दाखवू?”

“मला येतं वाचता.”

आईने पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं आणि अक्षर लावत लावत वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ताई तिच्या मागे उभी होती. मागच्या खोलीतला पंखा चालू होता. दार ताईने लोटलं होतं, ते चार बोटं उघडं होतं.

बोट शेवटच्या ओळीवर आलं.

‘शेवटचं कुठे पाहिलं: दुसऱ्या मजल्यावर, टेबलापाशी, काचेवर बोट ठेवून वाचताना.’

ताईने चटकन आईचा खांदा धरला. “चल. झालं बघून. चल आता.”

आई हलली नाही. तिने कीबोर्डकडे पाहिलं. एका बोटाने, अक्षरं हुडकत, तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं. ताईने थांबवायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला इतकं मन लावून काही लिहिताना कसं थांबवायचं ते तिला कळलं नाही.

‘मी इथे आहे.’

“आता कुठलं दाबायचं?”

ताईने सांगितलं नाही.

आईने स्वतःच शोधून काढलं.

पंखा थांबला. दोन श्वास. पुन्हा सुरू झाला.

उत्तर: एक.

स्थिती: सापडली. रविवार, अकरा चाळीस.

आईने बोट काचेवरून काढलं आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मागच्या खोलीच्या दाराकडे तिने एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं. मग चौतीस पायऱ्या कठड्याला हात न लावता उतरली.

त्यानंतरचे दहा दिवस साधे गेले. आईला ताप नाही, दुखणं नाही. डॉक्टर घरी येऊन तपासून गेला आणि म्हणाला की ठोके तुमच्यापेक्षा बरे आहेत. ती जेवायची, झोपायची, जुळ्यांचे फोटो बघून डाव्याचं नाक माझ्यावर गेलं म्हणायची. फक्त जेवताना दाराकडे पाठ करून बसायची. आणि दुपारी तिच्या खोलीतून बोलल्याचा आवाज यायचा, हळू, थांबून थांबून, मधे समोरच्याला बोलू देत. ताई दारात गेली की आई म्हणायची, “काही नाही. दार लोटून घे.”

एकदा ताई दारात तशीच उभी राहिली. म्हणाली, “आई, मी पण आहे इथे.”

आईने तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्यावरून गेली, मागे भिंतीवर, परत तिच्यावर आली. खोलीत अंधार असला की माणूस चाचपडतो तशी.

“कुठे आहेस गं?” ती म्हणाली.

आई गेल्यावर ताई दोन दिवस ऑफिसला गेली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सातला कुलूप उघडलं. आश्रमात नेलेल्या त्या म्हाताऱ्याला बायको घरी घेऊन गेली होती, तिचं कार्ड टेबलावर पडलं होतं. ताईने पहिला प्रश्न विचारला. हजारोंनी उत्तरं आली. दुसऱ्याला एक आलं. तिसऱ्याला दोन.

वाचलेल्या नोंदी एकेचाळीस हजार दोनशे एकतीस. सूचीतल्या एकेचाळीस हजार दोनशे तेहतीस.

पहिली जुनीच होती, सापडली म्हणून बंद झालेली. दुसरी नवीन. तिचं पान उघडत नव्हतं. मजकूर ताईने प्रतीतून काढला आणि उभ्यानेच वाचला.

कोण हरवलं: मुलगी.

वय: चोपन्न.

खूण: डावा खांदा दुखरा.

शेवटचं कुठे पाहिलं: पलंगाशी, हातात पाण्याचा पेला. हाक मारत होती, आवाज लांब गेला. टिपटोळ्या म्हणतो, शोधू.

नोंद करणाऱ्याचं नातं: आई.

स्थिती: शोध सुरू.

खाली नोंद केल्याची तारीख आणि वेळ होती. बुधवार, अठ्ठावीस मे, सकाळी नऊ वाजून तेरा मिनिटं. आई गेली ती त्याच बुधवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी.